टोपीचे शंभर टाके

माझ्या कादंबरीतला खून एका टोपीमुळे उघडकीला येतो. पहिल्या खर्ड्यात तो असा येत होता: टोपी १०० टाक्यांची. जिनं ती विणली असं सगळे म्हणतात, तिचा हात इंचाला ५ टाक्यांचा, म्हणजे घेर व्हायला हवा २० इंच. सापडलेली टोपी भरते २२ इंचांच्या वर, कारण खऱ्या विणणारीचा हात सैल, इंचाला साडेचार टाके. लोकर तीच, सुया त्याच, टाक्यांचा आकडाही तोच. माझी नायिका पट्टी लावते, टाके मोजते आणि म्हणते, ही तिनं विणलेलीच नाही.

मी स्वतःवर बेहद्द खूश होते. हस्तलिखित वाचणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, "आईच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसून मी जो मोजा विणला, तो त्याच्या जोडीदारापेक्षा दोन बोटं लहान झाला. हात माझाच होता." झालं, माझा पुरावा एका ओळीत उसवला.

हस्तकला आणि छोटं गाव यांच्याभोवती फिरणाऱ्या रहस्यकथा, म्हणजे ज्यांना इंग्रजीत कोझी म्हणतात त्या, लिहून बघायच्या असतील तर अशा उसवण्याची तयारी ठेवा. मी काही मोठी लेखिका नाही. सात वर्षांत एक कादंबरी कशीबशी हातावेगळी केलीय. पण सुरुवातीला मला हे कुणी सांगितलं असतं तर त्यातली तीन वर्षं तरी वाचली असती.

आमच्या घरी रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर. झुंजार, काळा पहाड, वेषांतरं, पिस्तुलं. कोझीत यातलं काहीच नसतं. प्रेत असतं, पण रक्त दाखवत नाहीत. शिव्या नाहीत, शय्यागृहाचं दार बंद. शोध घेणारी व्यक्ती पोलिसातली नसते; बहुधा दुकान चालवणारी, मध्यमवयीन, चौकस बाई असते. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली पहिल्यांदा कादंबरीत आली तेव्हाच हा साचा बराचसा तयार होता: सेंट मेरी मीड हे खेडं, हातात विणकाम आणि चहा ओतताना सगळं ऐकणारे कान. अमेरिकेत 'मर्डर, शी रोट' या टीव्ही मालिकेतल्या कॅबट कोव्ह गावानं तो १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं घरोघरी पोचवला. एवढ्याशा गावात इतके खून झाले की 'कॅबट कोव्ह सिंड्रोम' हा थट्टेचा शब्दच पडला. तुमच्या गावालाही तो रोग होणार आहे, त्याची लाज बाळगू नका.

मी मिनेसोटातल्या मिनिआपोलिसच्या एका उपनगरात २००९ साली आले ती एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट होऊन. नोकरीची परवानगी नाही. (ती काही जणींना २०१५ पासून मिळू लागली, माझी पाळी बऱ्याच उशिरा आली. तुम्ही अशा व्हिसावर असाल तर लिखाणाचे पैसे घेण्याआधी वकिलाला विचारा.) वाचनालयात गुरुवारी विणकामाचा गट जमायचा. आईनं शिकवलेल्या सुलट-उलट टाक्यांच्या भांडवलावर मी तिथे जाऊन बसले. तिथल्या एका आजींनी मोनिका फेरिस यांच्या सुईकामाच्या रहस्यमालिकेतलं पुस्तक हातात दिलं. ती मालिका १९९९ मध्ये सुरू झाली आणि घडते एक्सेलसियरला. हे खरंखुरं गाव आमच्यापासून गाडीनं पाऊण तासाच्या आत. शनिवारी नवऱ्याला घेऊन गेले. वॉटर स्ट्रीट, पुढे मिनेटोंका तळं. पुस्तकातलं दुकान अर्थातच नव्हतं, पण मी रस्त्याच्या दोन्ही बाजू शोधून आले.

वाचताना एक कसोटी लावत जा. गोष्टीतलं लोकरीचं दुकान काढा आणि तिथे केकचं दुकान ठेवा. खून तरीही तसाच उलगडत असेल, तर हस्तकला नुसती पडद्यासारखी टांगलेली आहे. या कसोटीवर निम्म्याहून जास्त पुस्तकं नापास होतात असं माझं मत. ती वाईट असतात असं नाही. पावसाळी दुपारी मीही वाचते. पण हाताला जे कळतं ते पोलिसाच्या डोळ्याला दिसत नाही, ही या प्रकारातली खरी गंमत, आणि ती जिथे साधते तिथे पुस्तक दोनदा वाचावंसं वाटतं. गोधडीवाल्यांसाठी अर्लीन फाउलर यांची १९९४ पासूनची मालिका आहे; तिच्या पुस्तकांना गोधडीच्या नमुन्यांचीच नावं.

तर टोपी. पुरावा गेल्यावर मी चार महिने रुसून बसले. मग एकदा स्वतःचाच स्वेटर खिडकीशी धरला आणि बाहीच्या मध्यावर रेघ दिसली. दिव्याखाली दोन्ही निळे एकच वाटत होते, उन्हात मात्र वरचा निळा किंचित हिरवट. लोकर कमी पडली म्हणून मी नंतर एक लड आणली होती, तिचा रंगाचा लॉट वेगळा, म्हणजे ती निराळ्या खेपेत रंगवलेली. लडीच्या कागदी पट्टीवर लॉटचा आकडा छापलेला असतो. विणणाऱ्या बायका दुकानातच तो जुळवून घेतात, मी आळस केला होता.

आता माझ्या गोष्टीत संशयित म्हणते, टोपी मंगळवारी रात्री पुरी केली, तेव्हा मी घरीच होते. नायिका टोपी उन्हात धरते. शेंड्याकडच्या आठ ओळींचा रंग बदललेला. त्या लॉटचं खोकं दुकानात आलं गुरुवारी. ताणानं हात घट्ट होईल, सैल होईल, पण मंगळवारी गुरुवारची लोकर कुणाला मिळत नाही. आणि तिसऱ्या प्रकरणात दुकानदारीण त्याच खोक्यावरून कुरकुरते, "या वेळचा निळा बघा कसा आलाय," तेव्हा वाचकाला ते नुसतं बडबडणं वाटतं. पुरावा असाच उघड्यावर ठेवायचा. शेवटच्या पानावर खिशातून काढलात तर वाचक माफ करत नाही.

गावाबद्दल थोडंसं. मिनेसोटात तोंडावर वाईट बोलत नाहीत. तुमच्या पदार्थाला कुणी 'दॅट्स डिफरंट' म्हणालं तर समजा, तो पुन्हा आणू नये. मला हे समजायला वेळ लागला नाही, कारण सांगलीत आमच्या काकू "आज आमटी जरा वेगळीच झालीय हं" म्हणाल्या की आई संध्याकाळपर्यंत धुमसायची. संवाद लिहिताना हे वेगळं ऐकू येणं फार कामाला येतं. खुनाचं कारणही गावाच्या मापाचं हवं. माझ्या पहिल्या खर्ड्यात काळ्या पैशाची टोळी होती, ती त्या दुकानात मावेना. मग ऑगस्टच्या अखेरीस सेंट पॉलच्या स्टेट फेअरला गेले. तिथे हस्तकलेच्या इमारतीत काचेआड हातमोजे आणि फिती लावलेले स्वेटर. एक बाई पहिल्या बक्षिसाच्या निळ्या फितीच्या स्वेटरपुढे इतका वेळ गप्प उभी होती की मला कारण मिळालं: चोरलेला नमुना.

धंद्याचं पटकन सांगते. लांबी ७० ते ८० हजार शब्द. प्रकाशक सहसा एका पुस्तकात रस घेत नाहीत, मालिका मागतात. कधी कल्पना त्यांचीच असते आणि लेखिका टोपणनावानं लिहिते. एजंट पुस्तक विकलं गेल्यावर १५ टक्के घेतो, त्याआधी एक पैसाही नाही. मी एकाला 'वाचनशुल्क' म्हणून २०० डॉलर दिले आणि साडेतीन ओळींचं कौतुक मिळवलं. तुम्ही देऊ नका. सिस्टर्स इन क्राइम ही १९८६ साली सुरू झालेली संघटना आहे. तिची 'गपीज' नावाची शाखा अजून न छापलेल्यांना सांभाळून घेते, तिथे हस्तलिखितांची अदलाबदल होते. समासात मोजा घालणाऱ्या बाई मला तिथेच भेटल्या. मेरीलँडला १९८९ पासून मॅलिस डोमेस्टिक हे अशा रहस्यकथांचं संमेलन भरतं. तिथला अगाथा पुरस्कार म्हणजे चहाची किटली. पुस्तकाच्या शेवटी विणकामाचा नमुना द्यायचा असेल तर तो स्वतःचा असावा आणि दोघी-तिघींकडून विणून घ्यावा. माझ्या टोपीत शेंड्याची घट एका ओळीत चुकली होती आणि एकीची टोपी अक्षरशः समोशासारखी झाली.

आणि एक नियम कुठे लिहिलेला नसतो, पण सगळे पाळतात: मांजराला काही होता कामा नये. माझ्या दुकानात पहिल्या पानापासून एक करडं मांजर आहे, लोकरीच्या टोपलीत झोपणारं. गेल्या महिन्यात सुधारलेला खर्डा त्याच बाईंकडे पाठवला. टोपी, लॉट, गुरुवार, सगळं पसंत पडलं. शेवटच्या पानाखाली त्यांनी लिहिलं होतं, "चौदाव्या प्रकरणात दार उघडं राहिलं, त्यानंतर मांजर दिसलं नाही. कुठे आहे ते?"

सध्या मी पंधराव्या प्रकरणावर आहे.