पक्का पत्ता नसताना दातांचे उपचार पूर्ण कसे करून घ्यायचे

दातांवरचा कुठलाही लेख उघडा, पहिलं वाक्य ठरलेलं: दर सहा महिन्यांनी आपल्या नेहमीच्या डेंटिस्टकडे जा. नेहमीचा डेंटिस्ट आणायचा कुठून? कोणी गाडीत राहतं, कोणी मित्राच्या सोफ्यावर, कोणी निवाऱ्यात, कोणी सरळ रस्त्यावर, पुढच्या महिन्यात कुठे असू ते कोणालाच माहीत नाही. मी पण बरीच वर्षं फिरतीवरच आहे. ब्रश कसा करायचा ते तुम्हाला कळतं, ते सोडून देते.

१. धोका आहे का ते आधी बघा. गाल सुजलाय आणि सूज जबड्याखाली किंवा मानेकडे उतरतेय, तोंड नीट उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, ताप आहे, यातलं काहीही असेल तर क्लिनिक शोधत बसू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. आणि दुखऱ्या दाढेवर अ‍ॅस्पिरिनची गोळी चुरून ठेवायचा सल्ला अजून कोण देतं देव जाणे, त्याने हिरडी भाजते, दुखणं तिथेच राहतं.

२. फॉर्मवरचा पत्त्याचा रकाना. खोटा पत्ता टाकू नका, रिपोर्ट आणि बिलं भलतीकडे जातात. रिसेप्शनवर सरळ सांगा की पक्का पत्ता नाही, फोनवर किंवा ईमेलवर कळवा. निवारा, संस्था किंवा नातेवाईक हो म्हणत असतील तर त्यांचा पत्ता द्या. फोन चार्ज असेलच याची खात्री नसेल तर पुढची तारीख कागदावर लिहून घ्या आणि सकाळची पहिली वेळ मागा.

३. क्लिनिक कुठलं? दात साफ करायचेत, एखादी दाढ काढायचीय, तर डेंटल कॉलेजची ओपीडी उत्तम, विद्यार्थी करतात पण वर शिकवणारे उभे असतात आणि खर्च कमी. फक्त तिथे वेळ फार जातो. फिरत्या व्हॅनमध्ये किंवा शिबिरात तपासणी जरूर करून घ्या, पण रूट कॅनल सुरू करू नका, शिबिर उठलं की तुमची दाढ उघडी आणि डॉक्टर गायब.

४. आता खरी अडचण. पत्ता नसलेल्या माणसाचे दात न दुखल्यामुळे जातात, हे ऐकायला विचित्र वाटेल पण मी हे इतक्यांदा बघितलंय की आता चिडचिड होते. रूट कॅनलच्या पहिल्या सिटिंगला दाढ उघडतात, आतली सडलेली नस काढतात, औषध भरतात आणि वर टेम्पररी सिमेंट लावतात. रात्रभराचा ठणका जातो, माणूस खूश होतो आणि गाव सोडतो. ते सिमेंट काही आठवड्यांसाठीच असतं. ते झिजतं, कडेने लाळ आत जाते, तिच्यासोबत जंतू जातात, आणि नसच नसल्यामुळे दाढ काही बोलत नाही. बोलते तेव्हा मुळाशी पू झालेला असतो, नाहीतर चावताना दाढ उभी चिरते. चीर हिरडीखाली गेली की ती दाढ बहुतेक वेळा काढावीच लागते.

म्हणून पहिल्याच दिवशी, भूल द्यायच्या आधी, डॉक्टरांना सांगा की मी इथे अमुक तारखेपर्यंत आहे, त्यानंतर नाही. लाज वाटते म्हणून लोक हे लपवतात आणि डॉक्टर बिचारे तुम्ही पुढच्या आठवड्यात येणार असं धरून चालतात. मग विचारा, एकाच सिटिंगमध्ये होईल का? बऱ्याच दाढांचं होतं. पू वाहत असेल, मुळं वाकडी असतील तर डॉक्टर नाही म्हणतील, तेव्हा हट्ट करू नका. पण मग एवढं तरी मागा की मऊ टेम्पररीऐवजी ग्लास आयोनोमर सिमेंट (त्याहून टिकाऊ) लावा आणि दाढेची उंची थोडी कमी करा, म्हणजे चावताना तिच्यावर जोर येणार नाही. कॅपला, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपीला, माप लॅबमध्ये पाठवावं लागतं, त्यात दिवस जातात, तेवढं थांबणं जमत नसेल तर निदान वरचं पक्कं फिलिंग झाल्याशिवाय हलू नका, कॅप पुढच्या मुक्कामी बसवता येते. मागच्या दाढेला मात्र ती लवकर बसवाच, तिथे चावण्याचा सगळा भार येतो.

आणि यातलं काहीच जमणार नसेल, उद्याच निघायचंय, तर दाढ काढून टाका. हे वाचून डेंटिस्ट मंडळी नाराज होतील. पण अर्धवट रूट कॅनल घेऊन महिनोन्महिने हिंडण्यापेक्षा रिकामी जागा परवडली, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या अँटिबायोटिकवर दिवस ढकलणं तर सगळ्यात वाईट, मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही तर औषध कुठून पोचणार, सूज तात्पुरती उतरते आणि मूळ कारण आहे तिथेच राहतं.

५. निघताना कागद मागा. पुढच्या डॉक्टरला हे लागतं: कुठली दाढ, किती कॅनल (मुळातल्या नळ्या) सापडले, प्रत्येकाची लांबी किती मिलिमीटर, आत कुठलं औषध, वर कुठलं सिमेंट, तारीख. एक्स-रेची मूळ फाईल घ्या, स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो नाही. दाढेच्या नंबरासोबत शब्दांतही लिहून घ्या, कारण बहुतेक जगात १६ म्हणजे वरची उजवी पहिली मोठी दाढ, तर अमेरिकेच्या पद्धतीत १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. सगळं स्वतःलाच ईमेल करून ठेवा, बॅग चोरीला जाऊ शकते.

६. दाढ काढली असेल तर जमेल तोवर लगेच लांबच्या प्रवासाला निघू नका. दाढेच्या खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघून गेली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानापर्यंत ठणकतं, तेव्हा तेच क्लिनिक जवळ असलेलं बरं. सिगरेट हे पहिले काही दिवस बंद. जोराने चुळा भरू नका, मिठाचं कोमट पाणी दुसऱ्या दिवसापासून.

७. कवळी असेल तर तिच्यावर डॉक्टरांकडून नाव कोरून घ्या आणि रात्री झाकणाच्या डबीत पाण्यात ठेवा. टिश्यूत गुंडाळून उशाशी ठेवलेली कवळी सकाळी झाडणारा कचरा समजून उचलतो, निवाऱ्यात हे होतंच, आणि नवी करायची तर माप, ट्रायल, फिटिंग सगळं पहिल्यापासून.