कार्बोनाडो कसा ओळखायचा?

सगळ्यात आधी एक गोष्ट, दुकानात अंगठीत जो चकचकीत ब्लॅक डायमंड मिळतो तो बहुतेक वेळा ट्रीटमेंट करून काळा केलेला साधा हिरा असतो, कार्बोनाडो (म्हणजे निसर्गात सापडणारा काळा, सच्छिद्र हिरा) नव्हे. खरा कार्बोनाडो ब्राझीलच्या बाहियात नाहीतर मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात सापडतो आणि दिसायला अगदी दगडी कोळशाचा खडा.

10x लूप (दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग) घ्या, खडा उजेडात तिरका धरा. पृष्ठभागावर बारीक बारीक भोकं दिसली पाहिजेत, जाळीदार इडलीसारखी. आत असंख्य सूक्ष्म हिऱ्याचे कण वाट्टेल त्या दिशेने एकमेकांत घट्ट रुतलेले असतात, म्हणून साधा हिरा जसा ठराविक पातळीत सरळ चिरतो तसा हा चिरत नाही, आणि म्हणूनच ड्रिलच्या टोकाला हाच लावायचे.

मग वजन. हवेत करा, पाण्यात बुडवून करा, हवेतल्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागा. हा आकडा म्हणजे खडा पाण्याच्या किती पट जड ते. साध्या हिऱ्याला 3.52 येतं, याला भोकांमुळे कमी. पाण्यात जरा वेळ ठेवा हां, बुडबुडे निघू द्या, नाहीतर आकडा गंडतो.

घासून बघू नका प्लीज, काच, नीलम सगळ्यावर ओरखडे पडतील.

आला कुठून हे मात्र कुणालाच पक्कं माहीत नाही. साधे हिरे ज्यात मिळतात त्या किंबरलाइट नावाच्या ज्वालामुखीच्या खडकात हा सापडतच नाही, म्हणून 2006 मध्ये गराय, हॅगर्टी वगैरे संशोधक मंडळींनी हायड्रोजनच्या खुणा दाखवून हा अंतराळातून आला असं मांडलं. मला पटतं अर्धंच.