डिझेल फिल्टर घरी बदलताना: आधी सफाई, मग पाना

गणपतीला गावी जाताना कशेडी घाटाच्या चढावर आमची गाडी दम टाकायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही, मधूनच हिसके. सपाटीला आलो की पुन्हा ठीक. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, गेले, असं गाडीतल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं. निघाला तो डिझेल फिल्टर. दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता आणि तळाशी पाणी साचलं होतं. तेव्हापासून हे काम मी घरीच करतो. पाऊण तासाचं काम आहे, पण ते कुठे बिघडतं हे माहीत असायला हवं.

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून खूप दाबाने डिझेल देणाऱ्या इंजिनात, पंप आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी अवघ्या दोन-चार मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. फिल्टरच्या अलीकडे कचरा असला तर फिल्टर तो अडवतो, पण पलीकडे राखणदार कोणी नाही. फिल्टर बदलताना आपल्याच हातून पलीकडे गेलेला वाळूचा कण थेट पंपात जातो. म्हणून माझा निम्मा वेळ पुसण्यात जातो, आणि तो जायलाच हवा.

आमच्या गाडीचा फिल्टर बॉनेटखाली आहे, डब्यासारखा, आट्यांवर बसणारा. वर हातपंप आणि खाली पाणी काढायचा स्क्रू. तुमच्या गाडीची रचना वेगळी असू शकते, म्हणून आधी मॅन्युअल उघडा. किती किलोमीटरला बदलायचा हेही त्यातच बघा. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका.

नवीन फिल्टर घेताना दुकानदाराला चॅसिस नंबर द्या आणि रबरी रिंग खोक्यात आहे ना, हे तिथेच पाहा. बाकी लागतं ते एवढंच: गोटी पान्यांचा सेट, फिल्टर खोलायचा पट्ट्याचा पाना, प्लायर, पारदर्शक बाटली, ट्रे, रबरी हातमोजे आणि धागे न सुटणाऱ्या भरपूर चिंध्या.

गाडी सपाट, मोकळ्या जागेत लावा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. आसपास विडी-सिगारेट, शेगडी काही नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिझेलच्या टाकीचं झाकण एकदा उघडून लावा, आतला दाब निघून जातो. आता मोबाइलवर फिल्टरचे दोन-तीन फोटो काढा. आत येणारा पाइप कोणता आणि बाहेर जाणारा कोणता, हे उलटसुलट झालं तर सगळी मेहनत वाया. फिल्टरखाली अल्टरनेटर किंवा बेल्ट असेल तर त्यावर प्लास्टिक टाकून झाका; डिझेलने दोन्ही खराब होतात.

मग ब्रशने आणि चिंधीने फिल्टर, त्याचं डोकं (फिल्टर ज्यावर आट्यांनी बसतो तो वरचा भाग), पाइपांचे सांधे घासून पुसा. लाल माती दिसेनाशी होईपर्यंत पाना उचलू नका.

खालचा स्क्रू दोन फेरे सैल करून डिझेल बाटलीत घ्या आणि बाटली दहा मिनिटं तशीच ठेवा. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं, वर पिवळसर डिझेल, मध्ये काचेवर ओढल्यासारखी स्पष्ट रेघ. आमच्या बाटलीत दोन बोटं पाणी होतं. एवढं पाणी दिसलं तर टाकीतही पाणी असू शकतं, तीही तपासून घ्या.

पाण्याच्या सेन्सरची वायर क्लिप दाबून काढा, वायर ओढू नका. पट्ट्याच्या पान्याने फिल्टर उलटा फिरवून उतरवा. सेन्सर बहुतेक वेळा जुन्या फिल्टरवरून काढून नव्यावर लावावा लागतो, त्याचीही रिंग नवीनच हवी.

इथे एक गोष्ट मी पहिल्या वेळी चुकलो. जुनी रबरी रिंग वरच्या डोक्याला चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावरच नवीन रिंगसकट फिल्टर चढवला. गाडी चालू झाली, पाच मिनिटांनी एअर पकडून, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरून, बंद पडली. तेव्हा बोट फिरवून, टॉर्च मारून बघा: डोक्यावर एकही रिंग उरलेली नसावी.

नव्या रिंगेला स्वच्छ डिझेलचा हात लावा आणि फिल्टर हाताने फिरवत बसवा. आटे सरळ लागले तर तो अलगद फिरतो. अडला तर जोर न करता काढून पुन्हा लावा, नाहीतर आटे मरतात. रिंग टेकल्यावर किती फिरवायचं ते फिल्टरवरच छापलेलं असतं. काही जण बसवण्याआधी मधल्या भोकातून डिझेल ओततात. ते करू नका, कारण मधलं भोक बहुतेक फिल्टरांत गाळलेल्या बाजूचं असतं.

आता एअर काढायची. बॅटरी जोडा. डोक्यावरचा ब्लीडिंग स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळा आणि पंप हाताला कडक लागेपर्यंत मारा. हातपंप नसलेल्या, टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत चावी ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, मग ऑफ. असं सहा-सात वेळा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये अर्धा मिनिट सोडा.

गाडी लगेच सुरू झाली नाही तर कोणीतरी सांगेल, “इंजेक्टरचा पाइप सैल कर, एअर निघून जाईल.” जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत तसं करत. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, टायरमध्ये तो असतो सव्वादोन बारच्या आसपास. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं आणि तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. त्या पाइपांना हात लावायचा नाही, पुन्हा हातपंपच मारायचा.

सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं न रेटता चालू ठेवा. बंद करून सांध्यांना कोरडा टिश्यू लावून बघा. ओला झाला तर फिल्टर किंवा क्लिप नीट बसलेली नाही. दोन-चार किलोमीटर फिरून आल्यावर पुन्हा एकदा बघा. जुनं डिझेल नाल्यात ओतू नका. डब्यात भरून फिल्टरसकट, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा.