जुनी दुनळी आणि ७० मिमीचं काडतूस: या चुका टाळा

कोल्हापूरच्या पश्चिम तालुक्यांत, चंदगड-शाहूवाडीकडे, आजोबांच्या काळातल्या विलायती दुनळ्या (दोन नळ्यांच्या बंदुका) पीकसंरक्षणाच्या परवान्यावर अजून घरात आहेत. काडतूस मागताना मात्र लांबी न सांगता नुसतं '१२ बोअर' (नळीच्या रुंदीचं माप) म्हणून मागितलं जातं.

सगळ्यात धोकादायक समजूत: आत बसलं म्हणजे चाललं. खोक्यावरची लांबी तोंड उलगडल्यानंतरची असते. ७० मिमीचं, चुण्या पाडून बंद केलेलं कोरं काडतूस साधारण ५८ ते ६० मिमी भरतं, म्हणून अडीच इंची (बाजारातलं ६५ मिमी) चेंबरात, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, ते अलगद जातं. बार उडाला की त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडतं, छऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. त्याहून मोठी धास्ती वेगळीच: ७० मिमीचं काडतूस मुळातच जास्त दाबाचं असू शकतं.

दुसरी चूक म्हणजे शिक्के न वाचणं. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून पुढचं लाकूड काढा, नळ्या सुट्या करा, बुडाच्या सपाट बाजूवर भिंगातून पाहा. २½ किंवा ६५ दिसलं तर ६५ मिमीच वापरा. पत्त्यांतल्या चौकटसारख्या चिन्हात १२ आणि 'सी' एवढंच असेल, तर नळी बहुधा १९२५ च्या आधीची. मोजेपर्यंत अडीच इंचीच धरा. चेंबर मागाहून वाढवलेलं असू शकतं, म्हणून परवानाधारक कारागिराकडून गेजने मोजून घ्या. भिंतींची जाडीही तपासायला सांगा.

'मग चेंबरच लांब करून टाकू' हा उपाय नको. त्याने भिंत पातळ होते, मूळचा प्रूफ शिक्काही (नळी दाबाच्या चाचणीत टिकल्याची खूण) निरर्थक ठरतो.

६५ मिमी लिहिलेलं प्रत्येक काडतूसही चालेलच असं नाही. २८ ते ३० ग्रॅम शिशाचे छरे घ्या. पोलादी छरे आणि मॅग्नम (जास्त जोराची काडतुसं) अजिबात नको. नळीवर लाटांसारखी दमास्कस नक्षी असेल आणि नायट्रो प्रूफचा (धूरविरहित दारूसाठी तपासल्याचा) शिक्का नसेल, तर धूरविरहित दारूचं काडतूस घालूच नका.

खांद्याला जास्त धक्का, काडतुसाचं फाटलेलं तोंड, काडतुसाच्या बुडाची चपटी झालेली टोपी, उघडायला जड जाणं: यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबा. पण ही लक्षणं नाहीत म्हणून दाब ठीक आहे, असंही समजू नका. आणि २० बोअरची काडतुसं त्याच खिशात नकोत. २० चं काडतूस १२ च्या चेंबरातून पुढे घसरून नळीत अडकतं. मागून १२ चं घालून बार काढला, तर नळी फुटते.