अ‍ॅब्लेशन झाल्यावर शेतातल्या कामाला परत कसं लागायचं

हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात (त्यालाच एएफ म्हणतात) ते थांबवायला नळी आत घालून हृदयात छोटे चटके देतात, ते अ‍ॅब्लेशन. त्यानंतर डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं 'आठवड्याने नेहमीची कामं सुरू करा'. हे खुर्चीवर बसून काम करणाऱ्यासाठी ठीक आहे, पण आपलं नेहमीचं काम म्हणजे ४५ किलोची युरियाची गोणी आणि पाठीवर १६ लिटरचा पंप. भेटायला येणारे पाहुणे दोन प्रकारचे असतात, एक म्हणतो वर्षभर हलू नको आणि दुसरा म्हणतो टाका पण नाही पडला मग बसलायस कशाला. दोघांचंही ऐकू नका. माझं एएफसाठी अ‍ॅब्लेशन झालं, पुढे परत करावं लागलं, आणि नंतर नात्यातल्या बऱ्याच जणांना कामाला परत लागताना जवळून बघितलंय, त्यावरून लिहितोय. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच खरं.

पहिला आठवडा फक्त जांघेचा. नळी तिथल्या मोठ्या शिरेतून आत जाते, त्यामुळे चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही (म्हणजे धार काढणं, खुरपणी बंद, आणि संडासला कमोडची खुर्ची आणा), कुंथायचं नाही, ट्रॅक्टर नाही. रक्त आलं तर आडवं होऊन दहा मिनिटं घट्ट दाबून धरायला लावा, थांबलं नाही किंवा गाठ वाढायला लागली तर लगेच हॉस्पिटल.

चालणं घरी आल्यावर लगेच सुरू, सपाट रस्त्यावर, रोज थोडं वाढवत.

आता खरा अवघड भाग, माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. जांघ बरी झाली की माणसाला वाटतं झालं सगळं, पण आत हृदयात जिथे चट्टे पाडलेत तिथली सूज जायला दोन-तीन महिने लागतात, आणि तोपर्यंत धडधड परत येऊ शकते, एएफसुद्धा. याचा अर्थ ऑपरेशन फेल गेलं असा नाही, डॉक्टरसुद्धा निकाल या काळानंतरच ठरवतात. पण हे आधी कुणी नीट सांगत नाही आणि पहिल्या धडधडीलाच घरात रडारड सुरू होते.

दुसरं म्हणजे नाडी. अ‍ॅब्लेशननंतर बसल्या जागीसुद्धा बऱ्याच जणांची नाडी आधीपेक्षा जास्त लागते, कारण नाडी हळू ठेवणारे मज्जातंतू त्याच भागात असतात आणि त्यांनाही थोडा चटका बसतो. याउलट बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडी दाबलेली राहते. म्हणून नाडी जास्तीत जास्त किती जाऊ द्यायची याचं ते २२० वजा वय वगैरे गणित, घड्याळात नाडी बघून काम करणं, हे आपल्याला लागू होत नाही हे मी ठामपणे सांगतो. श्वासावर काम करा. काम करताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांवर थांबून दम घ्यावा लागत असेल तर ते काम अजून तुमचं नाही.

कामं पण या क्रमाने घ्या. आधी नुसतं रानात फिरून देखरेख, मग दिवसा पाणी धरणं, मग खुरपणी, मग वैरणीचा छोटा भारा. द्राक्षाची छाटणी हलकी वाटते पण हात सतत डोक्याच्या वर असले की दम लवकर लागतो, ती उशिरा घ्या. गोणी आणि भरलेला पंप सगळ्यात शेवटी, डॉक्टरांना त्याच नावाने विचारून, 'जड काम चालेल का' असं मोघम विचारू नका, गोणीचं वजन सांगा. उचलताना श्वास कोंडून धरायचा नाही, सोडत उचलायचं. आणि रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला या दोन-तीन महिन्यांत दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, झोपमोड झाली की धडधड होतेच, हे मी खूप जणांत बघितलंय.

धडधड सुरू झाली तर हातातलं काम तिथेच टाका, सावलीत बसा, पाणी प्या, किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. थांबली तरी त्या दिवशी परत रानात नाही. थांबतच नसेल तर डॉक्टरांना फोन करून ईसीजी काढा. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, तोंड वाकडं झालं, हातापायातली ताकद गेली, तर वाट न बघता १०८.

रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, विळ्याने बोट कापलं तरीही. त्याऐवजी हातमोजे घाला. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी तर अजिबात आणू नका, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

अजून एक, फार क्वचित होतं पण जिवावरचं आहे. पहिल्या दोन महिन्यांत ताप आला आणि गिळताना दुखायला लागलं तर गावात सलाईन लावून बसू नका, अन्ननलिकेला इजा झालेली असू शकते. जिथे अ‍ॅब्लेशन झालं तिथेच जा, आणि वाटेत कुणी एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून तपासणी) करू म्हणालं तर आधी अ‍ॅब्लेशन झालंय हे सांगा, कारण अशा वेळी आधी सीटी स्कॅन करतात.