मामा-मामींना मालवणात घर घ्यायचंय, तर कोल्हापुरातनं काय काय तयारी करायची

सुट्टीला आलेल्या परदेशातल्या नातेवाईकांना तारकर्लीला फिरवून आणलं की परतीच्या वाटेवर गगनबावड्याला चहाला थांबेपर्यंत घर घ्यायचं ठरलेलं असतंय. तिकडं थंडीनं सांधे धरतात, इकडं ऊन आहे, ताजे मासे आहेत, आपली माणसं तीन-चार तासांवर आहेत, मग रिटायर होऊन इथंच राहू, असं. ते विमानात बसून जातात आणि पळापळ कोल्हापुरातल्या भाच्याच्या, पुतणीच्या अंगावर येते. त्या भाच्या-पुतण्यांसाठी हे लिहितोय. ज्यांचे मामा-काका अजून भारतीय पासपोर्टवर दुबईत वगैरे आहेत त्यांचं बरंच सोपं असतंय, हे मुख्यतः ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो, पुढं परत सांगणारच आहे. तिकडनं मुखत्यारपत्र म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी आली की ती महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक शुल्क भरून शिक्का मारून घ्यायचा. तीन महिने. राज्याबाहेर केलेल्या कागदाला आपल्या मुद्रांक कायद्यात तेवढीच मुदत आहे. आमच्या मामांच्या वेळी तो कागद नीट फाइलला लावून कपाटात ठेवला आणि खरेदीच्या वेळी बाहेर काढला, तोवर मुदत गेली होती. मामांना सत्तरीच्या वयात परत सगळं करायला लागलं, दुसरा कागद येईस्तोवर घरमालक थांबला नाही, त्यानं घर दुसऱ्याला दिलं. मामी अजून त्या घराच्या पडवीचा विषय काढतात. म्हणून तीन महिने.

आता पहिल्यापासून. कोणाकडं कोणतं कार्ड आहे ते बघा. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना आणि त्यांच्या नवरा-बायकोला मिळणारं कार्ड) असेल तर घर, फ्लॅट, दुकान घेता येतंय, कितीही. शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही, वारसानं आलं तर गोष्ट वेगळी. ज्याचं मूळ भारतीय नाही आणि जो राहतो परदेशात, त्याला इथं घर विकत घेताच येत नाही, पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यानं राहता येतंय तेवढंच. मामी तिकडच्याच असतील आणि त्यांच्याकडं ओसीआय नसेल, तर नवऱ्याबरोबर जोडनावानं एक मालमत्ता घेता येते, पण लग्न रजिस्टर पाहिजे आणि त्याला सलग दोन वर्षं झालेली पाहिजेत. त्यांनी स्वतःचं ओसीआय काढून ठेवलेलं सगळ्यात बरं, कारण निवृत्त लोकांसाठी वेगळा व्हिसा भारतात नाही. ओसीआयवर कितीही दिवस राहता येतंय. नुसत्या व्हिसावर १८० दिवसांच्या वर राहायचं तर आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायला लागते, आणि ही कटकट या वयात कशाला.

पॅन कार्ड पाहिजेच. पासपोर्ट, ओसीआय आणि पॅनवरचं नाव एकसारखं पाहिजे, आपल्याकडं मधलं वडिलांचं नाव एका ठिकाणी असतंय आणि दुसऱ्या ठिकाणी नसतंय, ते आत्ताच जुळवून घ्या.

आता जागा. इथं मात्र घाई अजिबात करू नका. एजंट गाडीत बसवून पहिल्यांदा दाखवतो ते आंब्या-काजूची बाग आणि मधोमध कौलारू घर, आणि समोरच्या माणसाचा जीव तिथंच अडकतो. ती बाग सातबाऱ्यावर शेती असते. ओसीआयवाल्याला ती घेता येणार नाही, विषय संपला. मग कोणीतरी सुचवतोच की तुमच्या भाच्याचा करवीर तालुक्यात सातबारा आहे, तो शेतकरी आहे, त्याच्या नावावर घ्या आणि राहा तुम्ही. हे कळकळीनं सांगतो, करू नका. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचं आणि मालकी पैसेवाल्याची, याला बेनामी म्हणतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे, वर बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड, आणि मालमत्ता सरकारजमा. भाचा किती का चांगला असेना, उद्या भाच्याला काही झालं तर त्याच्या बायकापोरांना आणि मामांना कोर्टात समोरासमोर उभं राहायला लागेल. नात्याचं वाटोळं करून घर घेऊ नये. आणखी एक प्रकार म्हणजे 'खरेदीखत नको, मुखत्यारपत्रावरच घर देतो' म्हणणारे. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगितलंय की अशानं मालकी मिळत नाही.

तर बिगरशेती झालेलीच जागा बघायची. 'एनए होणार आहे', 'फाईल गेलीय', 'आमच्यात सगळे असंच घेतात', हे ऐकायचं नाही, आदेशाची प्रत हातात पाहिजे आणि त्यातला गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी जुळलं पाहिजे. सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना नीट वाचा, कुळाचं नाव, बँकेचा बोजा, वहिवाट, सगळं तिथं असतंय. भोगवटादार वर्ग एक का दोन ते बघा, वर्ग दोन म्हणजे विकण्यावर सरकारी अट असलेली जमीन, ती असेल तर परवानगीशिवाय पुढं जायचं नाही. कोकणातल्या सातबाऱ्याची सवय आपल्याला नसते. आपल्याकडं चार भावांची नावं असतात, तिकडं एका सातबाऱ्यावर तीन-तीन पिढ्यांची नावं ओळीनं असतात, त्यातले निम्मे मुंबईत, काही वारले आणि वारस लागलेले नाहीत. विकणारा म्हणतो मी आणि भाऊ, बाकी कोण येत नाही. गणपतीला सगळे येतात आणि तेव्हा विचारतात ही कुंपणं कोणी घातली. प्रत्येक नावाची सही नाहीतर हक्कसोड, त्याशिवाय विसाराचा एक रुपया द्यायचा नाही. मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा शोध घ्या, वकील तिकडचा घ्या, त्याला गाव माहीत असतंय. प्रकरण चिघळून हायकोर्टापर्यंत गेलंच तर सिंधुदुर्गचं काम १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं येतंय, मुंबईला जायला नको, पण तशी वेळच येऊ देऊ नका.

समुद्र दिसला पाहिजे हा हट्ट असतोच. भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम लागतात, खाडीकाठालाही लागतात हे लोक विसरतात. ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरचा पट्टा नव्या बांधकामाला बंद असायचा, २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी तो ५० मीटरवर आणला, पण तुमच्या गावाला काय लागू आहे ते मंजूर नकाशावरनंच ठरतंय, एजंटच्या बोटावरनं नाही. बांधलेलं घर घेत असाल तर बांधकाम परवानगीची प्रत मागा. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा म्हणजे परवानगी नव्हे, घरपट्टी अनधिकृत घरालाही लागते. आणि देवबागसारख्या ठिकाणी, जिथं एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे, तिथं किनारा किती आत आलाय ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

घर दोनदा बघायचं. मे महिन्यात एकदा, विहिरीत पाणी किती आणि ते मचूळ लागतंय का हे चाखूनच बघायचं, जांभ्यात पाऊस धो धो पडूनही पाणी टिकत नाही. जुलैत एकदा, रस्ता राहतोय का, लाईट किती दिवस जाते, कौलातनं कुठं गळतंय. डिसेंबरात बघून घेतलेलं घर म्हणजे पोस्टर बघून पिक्चर आवडण्यासारखं आहे. रस्ता कागदावर आहे का तेही बघा, आज शेजाऱ्याच्या कुंपणातनं जाताय ते शेजारी चांगला आहे तोवरच.

आता मुखत्यारपत्र. खरेदीला मामा स्वतः येणार असतील तर हे लागणारच नाही आणि तेच सगळ्यात चांगलं. पण तारखा जुळत नाहीत, तिकिटं महाग असतात, मग भाच्याच्या नावानं कागद होतो. त्यात मिळकतीचं पूर्ण वर्णन पाहिजे, गाव, तालुका, गट नंबर, घर नंबर, चतुःसीमा. अधिकार खरेदीपुरते लिहा, खरेदीखतावर सही करणं, दुय्यम निबंधकासमोर हजर राहून कबुली देणं, शुल्क भरणं, लाईट-पाण्याचे अर्ज. विकायचे आणि गहाण ठेवायचे अधिकार घालू नका, त्यात दोघांचंही भलं आहे. मसुदा इकडच्या वकिलाकडनं तपासून मगच तिकडं सही करायची. सही तिकडच्या नोटरीसमोर करून अपोस्टील (कागद खरा आहे असा तिकडच्या सरकारचा दाखला), नाहीतर भारतीय वकिलातीत. नुसती घरी सही करून कुरिअर केलेला कागद चालत नाही. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, पानापानावर सही.

आणि मग तो कुरिअर तुमच्या दारात आला की घड्याळ सुरू. तीन महिने. लिफाफा टाकायचा नाही. मी परत लिहितो, लिफाफा टाकायचा नाही. त्यावरची तारीख आणि कुरिअरची पावती हाच कागद इथं कधी आला याचा पुरावा. घरात कोणीतरी आवराआवर करताना फाडून फेकतंय, म्हणून आल्या-आल्या लिफाफ्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट काढा आणि लिफाफा कागदालाच टाचणीनं जोडून ठेवा. त्याच आठवड्यात मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन अभिनिर्णयाचा, म्हणजे शुल्क किती लागतं ते ठरवून घ्यायचा, अर्ज द्यायचा, लोक त्याला अॅडज्युडिकेशन म्हणतात. बरोबर मूळ कागद, झेरॉक्स, लिफाफा, दोघांचे ओळखपत्र. 'खरेदी ठरली की करू' हे म्हणायचं नाही. खरेदी ठरो न ठरो, शिक्का आधी. कोकणातले व्यवहार एका वारसाच्या सहीसाठी सहा-सहा महिने अडतात आणि तीन महिने कधी गेले कळत नाही. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, बायकोच्या मोबाईलमध्ये पण लावा. आणि मामा-मामी दोघांच्या नावावर घर होणार असेल तर दोघांचीही मुखत्यारपत्रं लागतात, दोन्हींना शिक्का लागतो, एक करून दुसरं विसरू नका.

पैसे. फक्त बँकेतनं. परदेशातनं थेट आलेले, नाहीतर एनआरई किंवा एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांची इथल्या बँकेतली खाती) खात्यातले. सुट्टीला येताना आणलेल्या पौंड-डॉलरच्या नोटा द्यायच्या नाहीत आणि 'थोडे रोख द्या' म्हणणाऱ्याला तिथंच नाही म्हणा, ओसीआयवाल्याला पुढं कधी घर विकून पैसे परत न्यायचे झाले तर बँक पहिल्यांदा हेच विचारते की घेताना पैसे कुठनं आले. सगळ्या पावत्या एका फाइलला. विकणाऱ्याला तो कुठं राहतो हे विचारा. तो स्वतःच परदेशात राहणारा निघाला तर टीडीएस नेहमीचा एक टक्का नाही, बराच जास्त कापायला लागतो आणि नाही कापला तर जबाबदारी घेणाऱ्याची, सीएला आधी भेटा.

राहायला येण्याआधीचं थोडक्यात सांगतो. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात कायमचं राहायला आलं की दरवर्षी वाढत नाही, आलात त्या आकड्यावर थांबते, आणि मामांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतंय, घराचं बजेट काढायच्या आधी हे त्यांना स्पष्ट सांगा. कायमचा मुक्काम हलवला की तिकडची फुकट दवाखान्याची सोयही जाते. अमेरिकेतल्यांचं मेडिकेअर इथं चालत नाही. म्हणून इथला आरोग्य विमा, आणि तो घ्यायला वय वाढायची वाट बघू नका. हार्टचं, किडनीचं काही असेल तर जवळचा दवाखाना किती लांब ते रात्रीच्या वेळी गाडी चालवून बघा, मोठ्या आजाराला गोव्यात बांबोळीला नाहीतर घाट चढून कोल्हापूरला यायला लागतंय आणि पावसाळ्यात घाट बंद होतात. वर्षात १८२ दिवस इथं झाले की टॅक्सचं गणित बदलतंय, परत सीए. मृत्युपत्र इथल्या घरापुरतं वेगळं करा. आणि मुखत्यारपत्र देणारा गेला की ते तिथंच संपतं, त्यावर पुढं काही करता येत नाही.

खरेदीनंतर इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा घ्या, फेरफार लागला का बघा, घरपट्टीवर नाव, लाईट बिलावर नाव, गॅस. खारी हवा लोखंड खाते, खिडक्यांना गज स्टीलचे. बंद घर बघायला गावातलाच माणूस, महिन्याचे पैसे ठरवून. पावसाआधी कौलं. बाकी तिथं गेल्यावर कळेल. मुखत्यारपत्राचा कुरिअर आला असेल तर आजच उठा.