बागेचे काम देण्यापूर्वी विचारावयाचे: पाणी कोठून बाहेर जाणार?

दोन वर्षांपूर्वी बेळगावातील आमच्या घराभोवतीच्या बाराशे चौरस फूट मोकळ्या जागेत बाग करून घेतली. मेच्या अखेरीस लॉन अंथरून झाली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीच लॉन घोटाभर पाण्याखाली होती आणि दिवाणखान्याच्या भिंतीला आतून दीड फुटापर्यंत ओल चढली होती. माती चांगली होती, झाडेही चांगली होती, कंत्राटदारानेही ठरलेले प्रत्येक काम केले होते. ठरलेच नव्हते ते एवढेच की पावसाचे पाणी कोठून बाहेर जाणार. मूळ कामाला एक लाख पंचेचाळीस हजार रुपये गेले होते, आणि तेच काम उकरून पुन्हा करण्यात बावन्न हजार गेले. आता धाकट्या भावाच्या घराचे काम निघाले आहे. त्याच्यासाठी केलेली ही तयारीची यादी इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कंत्राटदाराला बोलावण्याआधी जागा स्वतः मोजावी, कागदावर तिचा साधा नकाशा काढावा आणि बोअरवेल, पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर व जमिनीखालून गेलेली वीजवाहिनी त्यावर दाखवावी. ऊन कोठे किती वेळ असते तेही लिहावे, कारण आंब्याच्या दाट सावलीत लॉन टिकत नाही. हे सगळे अर्ध्या दिवसात होते. यानंतर त्याच नकाशावर पाण्याचे बाण काढावेत: छपराचे पाणी कोणत्या पाइपातून कोठे पडते, अंगणातून कोणत्या बाजूला वाहते आणि रस्त्याच्या गटारीला कोठे मिळते. हे बाण काढता आले नाहीत तर कोणालाही कामासाठी बोलावू नये. मी ते काढले नव्हते.

या बाणांवर एवढा भर देण्याचे कारण आपल्या भागाच्या पावसात आहे. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खानापूरकडे तो आणखी वाढतो, तर अथणी-रायबागकडे त्याच्या निम्म्याइतकाही नसतो. म्हणून चिकोडी-अथणीकडच्या नातेवाइकांच्या बागेत जे चालते ते आपल्याकडे चालेलच असे नाही. एका दिवसात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर बाराशे चौरस फूट जागेवर सुमारे साडेपाच हजार लिटर पाणी पडते; त्यात नऊशे चौरस फुटांच्या छपराचे चार हजार लिटर मिळवले की पाच हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर आपण एका दिवसात अंगणात रिकामे केल्यासारखे होते. त्या पाण्याला बाहेर जायला वाट हवी. मातीत मुरेल असे मला सांगण्यात आले होते, आणि मी ते मान्य केले. जूनअखेरपर्यंत माती तुडुंब भिजलेली असते, त्यानंतर पडणारे पाणी मुरत नाही.

मातीचा प्रकारही इथे पाहावा लागतो. खानापूरकडील तांबड्या, जांभ्याच्या जमिनीत पाणी तुलनेने लवकर खाली उतरते. शहापूर-वडगाव-येळ्ळूर शिवारातील काळी जमीन भातासाठी उत्तम, कारण ती पाणी धरून ठेवते. नेमक्या याच गुणामुळे लॉन कुजते. शिवाय काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट बसवलेले पेव्हर (फरसबंदीचे ब्लॉक) वर्षभरात खालीवर होतात. पायवाटेखालची काळी माती काढून मुरूम भरून तो धुमसाने ठोकून घट्ट करून घ्यावा, आणि त्याचा दर आधी विचारावा. मातीची तपासणी करून घ्यायची असेल तर जिल्ह्यात मत्तिकोप्प येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि गोकाकजवळ अरभावी येथे उद्यानविद्या महाविद्यालय आहे. लहान बागेला तपासणी अनिवार्य नाही, पण जुन्या बांधकामाचा चुना-सिमेंट मिसळलेली जमीन असेल तर ती करून घेणे शहाणपणाचे आहे.

कोटेशन किमान तीन जणांकडून घ्यावे आणि तिघांनाही जागेवर बोलावूनच घ्यावे. फोनवर सांगितलेला चौरस फुटाचा सरसकट दर ऐकायला सोपा असतो, पण त्यात काय आहे आणि काय नाही हे कळत नाही. माझ्या कोटेशनमध्ये ‘संपूर्ण बाग, माती व लॉनसह’ एवढी एकच ओळ होती. त्या ओळीत निचरा नव्हता, आणि नाही हे मला जुलैत कळले. प्रत्येक बाब तिच्या मापाने लिहून मागावी: माती ब्रासवर, शेणखत ट्रॉलीवर, लॉन आणि पेव्हर चौरस फुटावर, कडेचे दगड रनिंग फुटावर, झाडे नगावर व पिशवीच्या आकारासह, मजुरी हजेरीवर की अंगावर (ठोक ठरवून), आणि निचरा ही स्वतंत्र बाब म्हणून, चराची लांबी, खोली आणि पाइपाचा व्यास यांसह. ज्या कोटेशनमध्ये निचऱ्याची ओळ नाही ते परत करावे. दर कमी असला तरी परत करावे. दुरुस्तीच्या वेळी मी मुद्दाम विचारून घेतले, तेव्हा समजले की दुरुस्तीत खणावा लागलेला निचऱ्याचा चर सुरुवातीलाच केला असता तर साधारण अठरा हजारांत झाला असता.

मातीचा हिशेब स्वतः करता येतो आणि तो करावाच. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. बाराशे चौरस फुटांवर सहा इंचांचा थर द्यायचा तर सहाशे घनफूट, म्हणजे सहा ब्रास माती लागते. दबल्यावर ती खाली बसते म्हणून थोडी जास्त धरावी. टिपर आला की तो रिकामा होण्यापूर्वी फाळक्याच्या (मागच्या फळीच्या) आतली भरती पाहावी. मग मूठभर माती हातात घेऊन ढेकूळ फोडावे. वाटाण्याएवढ्या काळपट गाठी, एकीला दुसरी दोऱ्याने ओवल्यासारखी दिसली, तर तो लव्हाळा, म्हणजे चिवट तण, आहे. तो टिपर परत पाठवावा, कारण एकदा लॉनमध्ये शिरलेला लव्हाळा उपटून संपत नाही, तुटलेल्या मुळाशी राहिलेली गाठ पुन्हा फुटते. शेणखत पूर्ण कुजलेले, वास नसलेले आणि हाताला भुसभुशीत लागणारे असावे. ओल्या शेणाने हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते.

मातीबाबत सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिच्या उंचीची आहे. भरलेली माती घराच्या जोत्याच्या वरच्या कडेपासून किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे आणि तिचा ढाळ घरापासून दूर, बाहेरच्या बाजूला असला पाहिजे. आमच्याकडे लॉन ‘छान समपातळीत’ दिसावी म्हणून माती थेट जोत्याला भिडवली गेली. काम चालू असताना शेजारचे वयस्कर काका कुंपणापाशी थांबून म्हणाले होते, “माती चांगली टाकलासा, पण पाणी कुठनं बाहेर जातंय ते बघितलासा काय?” ते कंत्राटदार पाहतील, असे उत्तर मी दिले. त्यांची येळ्ळूरकडे भातशेती आहे, बांध कोठे फोडायचा हे ठरवण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे, आणि त्यांच्या त्या एका प्रश्नाकडे मी तेव्हा लक्ष दिले असते तर पुढचे सगळे टळले असते.

ढाळ डोळ्यांनी ठरत नाही. गवंड्याकडील पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्यावी, तिच्यात पाणी भरावे, हवेचे बुडबुडे काढून टाकावेत, एक टोक जोत्याशी आणि दुसरे कुंपणाशी धरावे; दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीत येते, तेथून जमिनीपर्यंतचे अंतर दोन्हीकडे टेपने मोजावे. दहा फुटांमागे किमान दीड इंचाचा उतार असावा, म्हणजे तीस फुटांच्या अंगणात साडेचार इंच. याच ट्यूबने रस्त्याच्या गटारीची पातळीही घ्यावी. हे आमच्याकडे कोणीच केले नव्हते. रस्ता वरचेवर डांबरीकरणाने उंच होत गेलेला, गटारीचा काठ अंगणापेक्षा जेमतेम चार इंच खाली, आणि कंत्राटदाराने भिंतीतून सोडलेला दीड इंची पाइप पहिल्याच पावसात पालापाचोळ्याने बंद. पाणी बाहेर जाण्याऐवजी गटारीतले पाणी आत येत होते.

दुरुस्तीत जे केले ते असे, आणि ते आधीच करून घ्यावे. घरापासून तीन फुटांवर, घराला समांतर, एक फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणला, त्याला दहा फुटांमागे एक इंच ढाळ दिला, तळाशी खडी टाकून तिच्यावर भोके पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप ठेवला, पुन्हा खडी भरली, माती आत उतरून खडी गाळाने भरू नये म्हणून वरून गाळणीचे कापड अंथरले आणि मग वाळू व माती घेतली. छपराचे पाइप या चरात सोडले नाहीत, त्यांचे पाणी वेगळ्या बंद पाइपातून थेट चेंबरमध्ये नेले. चेंबरला लोखंडी जाळी बसवली, आणि गटारीचे पाणी उलटे येऊ नये म्हणून बाहेरच्या तोंडाला झडप लावली. बुजवण्यापूर्वी बागेचा होज तासभर सोडून पाहिला. पाणी दुसऱ्या टोकाला निघते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चरावर मातीची एक पाटीही टाकू देऊ नये.

काम करणाऱ्यांशी बोलणे हाही तयारीचाच भाग आहे. कंत्राटदार आपल्याशी मराठीत बोलतो, पण फावडे ज्याच्या हातात आहे तो बऱ्याचदा कन्नडच बोलतो, आणि मधल्या मध्ये ढाळाची गोष्ट हरवते. पाण्याचे बाण काढलेला नकाशा त्यांनाच दाखवावा आणि “नीरु एल्ली होगतैती?” म्हणजे पाणी कोठे जाते, एवढे विचारावे. उत्तर हाताने दाखवता आले तर काम समजलेले आहे.

वेळेचे गणित सांभाळावे. माती, ढाळ, चर आणि पेव्हर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकावेत, म्हणजे वळवाच्या सरींत ढाळाची परीक्षा आपोआप होते आणि दुरुस्तीला महिना हाताशी राहतो. लॉन मृगाच्या पावसानंतर अंथरली तर पाणी कमी लागते. मी उलटे केले, सर्व काही मेमध्ये एका दमात. पेरणी-लावणीचे आणि गावात वार पाळण्याचे (ठरावीक वारी काम बंद ठेवण्याचे) दिवस आले की मजूर मिळत नाहीत, तेही आधी धरून चालावे.

जुने झाड तोडायचे असल्यास कर्नाटकच्या १९७६ च्या वृक्षविषयक कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नारळ, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशी काही झाडे त्यातून वगळलेली आहेत. कंत्राटदार “काही होत नाही” म्हणाला तरी जबाबदारी मालकाची असते.

उन्हाळ्यात बाराशे चौरस फूट लॉनला दिवसाला साधारण पाचशे लिटर पाणी लागते. राकसकोप आणि हिडकल या धरणांवरून येणाऱ्या नळाच्या पाण्यावर हा भार टाकता येणार नाही. बोअर नसेल तर लॉन निम्मी करावी आणि उरलेल्या जागेत जास्वंद, कण्हेर, अनंत अशी झुडपे लावावीत. भावाला मी हेच सांगितले आहे. वड, पिंपळ, उंबर घराजवळ नकोत.

कराबाबत एवढेच की नोंदणीकृत कंत्राटदाराच्या बागकामाच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि नर्सरीतून स्वतः घेतलेल्या रोपांवर तो नसतो. त्यामुळे मोठी झाडे स्वतः आणून दिल्यास फरक पडतो, पण मग ती जगण्याची हमी कंत्राटदार घेत नाही. हमी हवी असेल तर तीन महिन्यांची लिहून घ्यावी.

पैसे चार टप्प्यांत द्यावेत: तीस टक्के सुरुवातीला, तीस टक्के चर आणि ढाळ लेव्हल ट्यूबने तपासल्यावर, पंचवीस टक्के लागवड झाल्यावर. उरलेले पंधरा टक्के जुलैअखेरपर्यंत हातात ठेवावेत, आणि ही अट ॲडव्हान्स देण्यापूर्वी कागदावर घ्यावी, नंतर कोणी मान्य करत नाही. लॉनची पहिली कापणी कोण करणार, उरलेला राडारोडा कोण उचलणार, हेही त्याच कागदावर यावे.

पावसाळ्यात दर आठवड्याला चेंबरची जाळी उघडून पाला काढावा. आणि पहिल्या मोठ्या पावसात, तो चालू असतानाच, छत्री घेऊन बाहेर जावे, चेंबरपाशी उभे राहावे आणि पाणी बाहेर जात आहे ना हे पाहावे. शेवटचे पंधरा टक्के त्यानंतर द्यावेत.